गोदीची शेवटची चार कार्डं

काल धाकट्या सुनेनं कणगीमागून मेलेला उंदीर काढला. शेपटीला धरून उकिरड्यावर फेकला, राखेनं हात धुतले आणि पुन्हा ज्वारी पाखडायला बसली. घरात बाकीच्यांची कामं चालूच राहिली. मी मात्र ओसरीवरून ताडकन उठलो. मागच्या भिंतीला बांबूचे तट्टे टेकवून ठेवलेले आहेत. ते किती माणसांना पुरतील याचा मी हिशेब करत उभा होतो, हे माझं मलाच जरा वेळानं कळलं.

"मामाजी, काय पाह्यता?" सून म्हणाली.

"काई नाई व. उंदीर एकच होता न?"

"एकच. मांजरीनं मारला असन."

हाव, मांजरीनंच मारला असेल. पण पौष लागला, ज्वारी कापून झाली, वावरातून कडब्याचा तो ओलसर गोडूस वास गावात शिरला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. आजोबा थंडीत पिसाळतात असं नातवंडं एकमेकांना सांगतात. सांगू देत. खोटं कुठं आहे?

त्यात भर म्हणून नागपूरच्या एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं आहे. गृहस्थ सज्जन आहेत, दर हिवाळ्याला माझ्याकडून विनोदी लेख मागवतात. या खेपेला लिहितात, 'आपण संकटातलं हसू कसे शोधता, यावर चार शब्द लिहावे. वाचकांस बळ येईल.' बळ! मला स्वतःला त्यानं कधी बळ आलं नाही. लोक म्हणतात, मास्तर काय मजेदार लिहितात, वाचता वाचता पोट दुखतं. माझंही दुखतं, पण ते निराळं दुखणं आहे. या मजेदार लिहिण्याची सुरुवात कुठून झाली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. उंदरानं आठवण दिली आहे तर आता सांगूनच टाकतो.

तीसेक वर्षं झाली. त्या साली दिवाळी आटोपली आणि आमच्या चिखलीत उंदीर पडू लागले. आमच्याकडे उंदीर मेले असं कोणी म्हणत नसे, पडले म्हणत. आढ्यावरून खाली पडायचे, दारू प्यायल्यासारखी एखादी गिरकी घ्यायचे आणि गप्प. तिसऱ्या दिवशी दवंडी फिरली, प्लेग आला, गाव सोडा. आठवड्याच्या आत अख्खं गाव वावरात. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या भिंती, त्यावर तुराट्या, त्यावर कडबा, दाराला तट्ट्या. झोपड्यांची एकच लांब ओळ. गावात ज्यांची घरं कधी एकमेकांकडे तोंड करून उभी राहिली नसती, ती माणसं एका काडीच्या भिंतीआड राहू लागली. आमच्या डाव्या अंगाला करीमभाई पिंजारी, त्यांची बायको आणि त्यांची बेगम नावाची बकरी. घरांना ऊन लागावं म्हणून सरकारी माणसांनी मागं गावातली कौलं उतरवली. भरदुपारी मी एकदा शाळेची कागदपत्रं आणायला गेलो, तर सगळी आळी उघडी पडलेली, उन्हानं भरलेली, आणि आवाज म्हणाल तर वानरांचा. मोठमोठी कुलपं दारांना लटकत होती. मला तिथं हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

माझं लग्न व्हायचं होतं. झोपडीत मी आणि माझी माय. शाळा बंद, मास्तर रिकामा. आणि तिकडं मेहकरला माझी धाकटी बहीण गोदी, सहाव्या महिन्याची गरोदर. पहिलटकरीण. संक्रांत झाली की तिला बाळंतपणासाठी घरी आणायची, असं ठरलेलं होतं. मायनं करीमभाईंकडून नवा कापूस पिंजून घेतला होता आणि येणाऱ्या लेकरासाठी हातभर लांबीची दुलई शिवायला घेतली होती. गावातून निघताना तिनं काय उचललं असेल? भांडी मागं राहिली, देव मागं राहिले. दुलई आणि सुईदोरा तेवढा कमरेला होता.

गोदी माझी पहिली विद्यार्थिनी. मुलीच्या जातीला पाटी कशाला, असं सगळे म्हणत असताना मी तिला चुलीपुढं बसवून अक्षरं गिरवायला शिकवली. ती बोलायची तशीच लिहायची. आणि हसायची म्हणजे काय! तोंडावर हात धरायची, हसू आतल्या आत दाबायची, मग तिला उचकी लागायची, आणि त्या उचकीनं बाकीचे हसायचे.

आम्ही वावरात आल्यावर आठएक दिवसांनी तिचं कार्ड आलं. "दादा, इथं बी उंदीर पडले. आमी बी वावरात येऊन राह्यलो. रोज कोनीतरी जाते. नाक्यावर शिपाई गाड्या वापस करते, म्हून संक्रांतीले येनं होते का नाई सांगता येत नाई. मले लय भेव वाटते. लेकरू लाथ मारते त वाटते आला ताप. हे मायले वाचू नको. मले काई हासन्यासारखं लिहीत जाय."

मी मायला कार्ड वाचून दाखवलं, भेवाचा भाग गाळून. माय सुई ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "पोट्टी भेली हाये."

"असं कुठं लिहिलंय तिनं?"

"तू वाचलं त्याच्यात नाई. पन भेली हाये."

मायला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी काय गाळतो ते मात्र तिला बरोबर ऐकू यायचं.

"नाका उघडला का मी तिले घेऊन येतो, माय," मी म्हणालो. "तोपर्यंत हासवत ठेवतो." मोठ्या तोऱ्यात म्हणालो. त्या हिवाळ्यात माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं.

मग मी लिहू लागलो. डाक आठवड्यातून एकदा यायची, तेव्हा आठवड्याला एक कार्ड. कार्ड इवलंसं, म्हणून फापटपसारा चालत नसे. सकाळी उन्हाला पाठ देऊन बसायचं आणि कालपासूनच्या भयंकर गोष्टी एकेक करून आठवायच्या. त्यांत कुठं हसू दडलेलं आहे का ते चाचपायचं. महादू तेली रोज सकाळी घराचं कुलूप ओढून बघायला गावात जायचा. घरावर एक कौल शिल्लक नव्हतं. एके दिवशी तो कुलूप ओढत असताना आतून भिंतीवर वानर चढलं आणि त्यानं महादूकडं असं पाहिलं, की महादूनं त्याला रामराम घातला. हे मी गोदीला लिहिलं. उजव्या अंगाच्या देशमुखांचं घोरणं करीमभाईंच्या झोपडीपर्यंत पोचतं आणि करीमभाईंचं देशमुखांपर्यंत, आणि मधे झोपलेला मी दोन्ही धर्मांचं ऐकतो, हेही लिहिलं. महादूची म्हातारी त्याच आठवड्यात गेली होती, ते लिहिलं नाही. देशमुखांचा मधला मुलगा गेला, तेही नाही. कार्डावर मेलेल्यांना जागा नव्हती.

संपादकमहाराज, तुम्ही विचारता कसं शोधता. असं शोधतो. जे दिसतं त्यातलं निम्मं टाकून देतो. उरलेल्या निम्म्याला थोडं लांब उभं करतो. आपण जवळ असतो तोवर कुलूप ओढणाऱ्या महादूचे सुजलेले डोळे दिसतात. चार पावलं मागं सरलं की नुसता कुलूप ओढणारा माणूस दिसतो, आणि कौल नसलेलं घर. हसू येतं. पण महादूचे डोळे काही बरे होत नाहीत. लिहिणाऱ्याचा तेवढा वेळ बरा जातो, बस. तेव्हा मला हे कळत नव्हतं. मला वाटायचं मी फार मोठं काम करतोय.

वाटायला कारणही होतं. गोदीची उत्तरं येऊ लागली आणि ती माझ्यापेक्षा सरस. तिकडं मेहकरच्या वावरात ती माझी कार्डं वाचून दाखवायची, सगळ्या बायका गोळा व्हायच्या. इकडं तिची कार्डं मी वाचायचो. डाकवाला तुकाराम रोगाच्या भीतीनं झोपड्यांजवळ येत नसे. बांधावर उभा राहून चिरलेल्या लांब काठीच्या टोकात कार्ड खोचायचा आणि काठी पुढं करून ओरडायचा, "मास्तर, गोदाबाई आल्या!" की झाली गर्दी. करीमभाई पिंजणं ठेवून यायचे. बायका लेकरं कडेवर मारून यायच्या. ज्यांच्या घरचं माणूस काल गेलं तेही येऊन जरा लांब बसायचे. त्या ओळीत त्या वर्षी हसायची वेळ आठवड्यातून एकदाच यायची आणि ती गोदीच्या कार्डाची.

आता बकरीचं सांगतो.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. कार्ड फार झकास जमलं होतं. टोचायला आलेला डॉक्टर, त्याला घाबरून कडब्याच्या गंजीवर चढलेला आमचा गावचा पहिलवान, आणि खाली उभी राहून 'उतर रे बापा, मी तुहा हात धरतो' म्हणणारी त्याची इवलीशी बायको. लिहिता लिहिता मीच मोठ्यानं वाचून हसत होतो. कार्ड वाळायला म्हणून तट्ट्यावर ठेवलं, पाणी प्यायला आत गेलो, आणि आलो तर बेगमच्या तोंडात कार्डाचा कोपरा.

करीमभाई धावत आले. "तौबा! मास्तर, पहिलवान खाल्ला का तिनं?"

"पहिलवान शाबूत आहे," मी म्हणालो. "कोपराच गेला."

"मंग बरं झालं. पहिलवान पचला नसता तिले."

आमच्याकडं मरणाचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. सगळ्यांना ठाऊक आहे. असं कार्ड आलं की ते घरात नेत नाहीत. आधी आकांत, मग अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून अंघोळ, आणि वाचायचं ते कोणीतरी परक्यानं, बाहेरच. वाचून फाडून टाकायचं.

मायनं ते कार्ड पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे नको धाडू बापा. दुसऱ्या कारडावर लिव."

"दुसरं नाही माझ्याजवळ. आणि अगं, पहिल्याच ओळीत लिहितो न, कोपरा बकरीनं खाल्ला म्हणून. वाचतीलच की."

वाचतीलच की! शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा हा. त्याला वाटतं लोक आधी वाचतात आणि मग रडतात.

पुढच्या आठवड्यात तुकाराम बांधावर आला. काठीच्या टोकाला कार्ड, कार्डाला कोपरा नाही. मायनं ते लांबूनच पाहिलं आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी विसरलेलो नाही. तुकारामच ओरडला, "मावशी, रडू नका, रडू नका! मस्करी हाये, मी वाचलं!" डाकवाल्यानं दुसऱ्याचं कार्ड वाचू नये, पण त्या दिवशी त्याचे उपकार वाटले.

गोदीनं उट्टं काढलं होतं. "दादा, तुहा कोपरा पाह्यला आन् आमी समदे रडाले लागलो. सासूबाईनं तं मायचे गुन बी सांगतले, जे तिनं मायच्या तोंडावर कधी सांगतले नसते. मले हिरीवर नेऊन पाच घागरी डोक्यावर ओतल्या. थंडी अशी का दात वाजून राह्यले, रडू बी धड येईना. माहा नवरा म्हने धीर धर. मी म्हनलं धीर धरतो, पन लुगडं द्या. मंग शाळेतल्या मास्तरले बलावलं. तो गंभीर तोंड करून वाचाले लागला, 'कोपरा बकरीनं खाल्ला.' कोनी हासावं का नाई थेच समजेना. मंग मलेच उचकी लागली. मेलेली माय जित्ती झाली, दादा, याच्याहून मोठं हासू कोनतं? तेव्हापासून नाक वाहून राह्यलं. मी शिंकतो तं सासरे म्हनते का पलेग बांधापलीकडं पयाला. आता तुमी बी रडा जराशे, म्हून कोपरा फाडला."

आख्खी ओळ हसली. करीमभाईंनी बेगमच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. माय डोळे पुसत, हसत, मधेच शिव्या देत बसली होती. 'दात वाजून राह्यले, रडू बी धड येईना' हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा मी ते नाटकातल्यासारखं दात वाजवून वाचलं. हो, वाजवून.

आठ दिवसांनी तुकाराम आला तो लांबूनच ओरडत, काठी नाचवत. "मास्तर, तुमच्या बहिनीनं पुन्हा कोपरा फाडला बरं का!" त्या खेपेला त्यानं वाचलेलं नव्हतं. एकदा मजा कळली, मग वाचायचं काय कारण? बायका पदर सावरत निघाल्या. माय दुलईला काठ घालत होती, ती घेऊनच आली आणि पुढंच बसली. "चावट पोट्टी," ती शेजारणीला म्हणाली, "आता कोनाले मारलं तिनं कोन जाने."

मी काठीतून कार्ड काढलं. अक्षर जावयाचं होतं.

'सौ. गोदावरीस शनिवारी ताप भरला. छाती भरून आली. गाठ नव्हती. पाचवे दिवशी पोटातील जिवासह गेली. नाका बंद आहे, आपण येऊ नये.'

एवढंच. मी ते एका नजरेत वाचलं. समोर चाळीसएक माणसं हसायला तयार होऊन बसलेली. कोणाचे ओठ आधीच ताणलेले. मायच्या मांडीवर ती हातभर दुलई. आणि मी काय केलं? मी घसा खाकरला आणि वाचायला लागलो.

"दादा, सासऱ्याइनं पलेगच्या भेवानं समद्या आंगाले लसून चोळला..." माझ्या तोंडून शब्द येत होते, कुठून येत होते मला माहीत नाही. "आता ते जवळून गेले का सासूबाईले चटनीची आठवन होते आन् मंग भाकर जास्ती लागते. सासरे म्हनते, पलेग गेला तरी चालन, पन पीठ संपून राह्यलं..."

लोक हसले. खो खो हसले. करीमभाई मांडीवर थाप मारून हसले. माय सगळ्यांत मोठ्यानं हसली. मी शेवटी 'तुमची गोदी' असं वाचलं, कार्ड कोटाच्या आत घातलं आणि विहिरीवर जाऊन कोट तेवढा काढून ठेवला. कपड्यांनिशी बादल्या ओतून घेतल्या. किती ते आठवत नाही. पाणी इतकं गार होतं की दात वाजायला लागले, आणि गोदीनं लिहिलं होतं तसंच झालं, रडू धड येईना.

परत आलो तेव्हा माय झोपडीच्या दारात होती. मी सकाळी अंघोळ केली होती, तिनंच पाणी तापवून दिलं होतं. भरदुपारी ओल्या कपड्यांनी उभ्या असलेल्या मला तिनं खालपासून वरपर्यंत पाहिलं. सुई दुलईत खोचली, दुलईची घडी घातली, घागर उचलली आणि विहिरीकडे गेली. मी तिथंच उभा. ती परत आली, पांढऱ्या केसांतून पाणी गळत होतं. आम्ही दोघं आत बसलो. शेजारी काडीच्या भिंतीपलीकडं अजून कोणी तरी लसणाच्या गोष्टीवर हसत होतं, म्हणून आम्हाला मोठ्यानं रडता आलं नाही. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. तिन्हीसांजेला करीमभाईंची बायको बेगमचं दूध घेऊन आली, तट्ट्यापाशी ठेवून गेली.

वाटलं, हे आता इथं थांबेल. मी चार दिवसांनी सगळ्यांना सांगून टाकीन. पण पुढच्या आठवड्यात तुकाराम बांधावर आला, नकारार्थी हात हलवून पुढं निघाला, तरी बायका येऊन बसल्याच. त्यांतल्या एकीच्या कडेवरचं लेकरू परवाच गेलं होतं, ती रिकाम्या कडेनं आली होती. माय मला म्हणाली, सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात, "गोदीचं कारड वाच न, बापा."

"माय..."

"मांगच्या आठोड्यात दोन आलते न? एक राह्यलं वाचाचं. या बाया वाट पाहून राह्यल्या. त्याइचं काऊन बुडवतं?"

मी कोटातून तेच कार्ड काढलं. दुसरं होतं कुठं? जावयाच्या अक्षराकडं पाहत मी गोदीच्या आवाजात वाचलं. मायला सोसवत नसेल असं मला वाटलं, म्हणून भराभर संपवत होतो, तर म्हणते, "हळू वाच. पोट्टी येवढी घाईनं नाई बोलत."

अशी मी गोदीची चार कार्डं लिहिली. लिहिली तरी कशी म्हणू, कोऱ्या हवेत वाचली. लसणाचं पहिलं. दुसऱ्यात तिनं डोहाळजेवणाला हुरडा मागितला. तिसऱ्यात तिच्या नवऱ्यानं नाक्यावरच्या शिपायाशी रस्ता उघडण्यावरून वाद घातला आणि हरला. चौथं वाचायच्या आधी एका म्हातारीनं विचारलं, "मोकळी झाली का व पोरगी?" सगळ्या मायकडं पाहू लागल्या. माय माझ्याकडं बघून म्हणाली, "वाच. काय झालं थे वाच." मी वाचलं, मुलगा झाला. त्याचं बी नाक वाहते, आईवर गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मायनं आत जाऊन गुळाची ढेप आणली आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाटली. मलाही गूळ दिला. मी खाल्ला.

आता वाटतं, त्या सगळ्यांना माहीत असणार. भरदुपारी दोन माणसं ओली होतात, चूल पेटत नाही, वावरात काय लपतं? आणि तरी ती येत राहिली, हसत राहिली. का, ते मला अजून सांगता येत नाही. संपादकांना यात बळ दिसेल. मला तेव्हाही दिसलं नाही, आजही दिसत नाही. त्या ओळीतली माणसं कमीच होत गेली. हसून एकही वाचला नाही.

होळीच्या सुमाराला आम्ही गावात परतलो. कौलं चढवली, भिंती सारवल्या. नाका उघडला होता, पण आता मेहकरहून कोणाला आणायचं? पहिल्या दिवशी माय उंबऱ्यावर बसली. ती हातभर दुलई तिच्या मांडीवर, चारही बाजूंनी काठ घालून पूर्ण झालेली. मी म्हणालो, "माय, आज डाकेचा दिवस. बाया आल्या तर?"

"आता पुरे," ती म्हणाली. "लय वाचलं तू. आता तिले मरू दे, बापा."

दुलई तिनं कोणाला दिली नाही. जाईपर्यंत उशाशी होती. करीमभाई पुढं कितीतरी वर्षं बकरीची गोष्ट निघाली की 'माह्या बेगमनं घात केला' म्हणायचे. मी त्यांना तसं म्हणू दिलं. जावयाच्या कार्डातल्या 'गाठ नव्हती' या दोन शब्दांचं मी काय करावं, हे मला कळत नसे. गाठ नव्हती म्हणजे प्लेग नव्हता. म्हणजे विहिरीवरच्या त्या पाच घागरी होत्या. एका डॉक्टरनं मला सांगितलं की गाठीवाचूनही प्लेग होतो, छातीत उतरतो. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, इतक्यांदा की तो चिडला. त्याचं ते वाक्य मी तीस वर्षं घट्ट धरून आहे. धरून तरी काय उपयोग, हातात काहीच लागत नाही.

तर संपादकमहाराज, हा घ्या विनोदी लेख. तुमच्या मासिकात माझं नाव ज्या गमतीजमतींवर छापून येतं, त्या मी त्या चार कार्डांवर शिकलो. आणखी एक सांगायचं राहिलं. बकरीच्या त्या दिवशी पेटीत दुसरं कार्ड होतं. कोरं. आणि बेगमनं कोपरा खाल्ला नव्हता, नुसता चघळून ओला केला होता. मला वाटलं, कोपरा नसलेलं कार्ड, आत पहिलवान, काय बहार होईल! गोदीला उचकी लागेल. करीमभाई यायच्या आत मी तो ओला कोपरा नखानं सरळ फाडला आणि बकरीपुढं टाकला.

तिच्या मरणाचं कार्ड मी कधी कोणाला वाचून दाखवलं नाही. हे तेच आहे असं समजा. आत नेऊ नका, बाहेरच वाचा. पाकीट उघडल्यावर दिसेलच, पहिल्या पानाचा कोपरा मी फाडला आहे. बकरीचा काही दोष नाही.